विहारातील उपासक आणि समाजाची जुनी घडी



वर्षावासात आपल्या विहारात बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. ते मी करतो, कारण मी शाळामास्तर आहे आणि मोठ्याने वाचायची मला सवय आहे. धम्माचा अधिकारी म्हणून मी येथे बसत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. गेल्या पौर्णिमेला वाचन संपले, खिरीच्या वाट्या हातोहात फिरू लागल्या आणि एकाएकी वाद पेटला. एका तरुणाने उभे राहून विचारले, “सर, जो माणूस रोज त्रिसरण-पंचशील म्हणतो आणि समाजाची आहे तीच घडी बरी असेही म्हणतो, त्याला बौद्ध म्हणायचे काय? त्याने वंदनेला पुढे बसायचे काय?”

नाव कोणी घेतले नाही. घ्यायची गरजही नव्हती. आमचे एक ज्येष्ठ उपासक खिरीची वाटी तशीच खाली ठेवून उठले, चपला पायात घातल्या आणि निघून गेले. त्या दिवसापासून ते विहाराची पायरी चढलेले नाहीत. या विहाराच्या भिंतींना पाणी मारण्यासाठी ज्यांनी खांद्यावरून घागरी वाहिल्या, त्यांच्यापैकी ते एक आहेत. म्हणून आजचे प्रवचन त्या एका प्रश्नावर आहे. प्रश्न टाळला तर विहार फुटेल आणि घाईने उत्तर दिले तर धम्मावर अन्याय होईल.

प्रथम त्या उपासकांची बाजू नीट समजून घेऊ. ते काय म्हणतात? मोर्चाने पोट भरत नाही. फुकट मिळालेले माणसाला बिघडवते. घरात वडीलधाऱ्यांचा शब्द चालावा. कायदा कडक असावा. मोडायला अक्कल लागत नाही, उभे करायला लागते. असे बोलणारा माणूस दिसला की आपण लगेच ‘प्रतिगामी’ हा शिक्का उचलतो. पण या माणसाने चाळीस वर्षांत दारूला स्पर्श केलेला नाही. तीन मुलींना शिकवले, कर्ज काढले ते फेडले, कोणाचा पैसा बुडवला नाही. पंचशील त्यांच्या ओठांवर आहे तसे वागण्यातही आहे. हे आपल्यापैकी किती जणांबद्दल म्हणता येईल? मी माझ्याबद्दल ते छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

आणि धम्मात जुने जपण्याला जागा आहे, हेही खरे. महापरिनिब्बान सुत्ताचा आरंभ आठवा. मगधाचा राजा अजातशत्रू वज्जींवर चाल करून जाण्याच्या विचारात होता. त्याने आपला अमात्य वस्सकार याला गृध्रकूटावर तथागतांकडे पाठवले. तथागतांनी वस्सकाराला थेट उत्तर दिले नाही. मागे उभे राहून वारा घालणाऱ्या आनंदाला त्यांनी एकेक प्रश्न विचारला. वज्जी वारंवार एकत्र जमतात काय? एकोप्याने जमतात, एकोप्याने उठतात काय? ठरलेले नियम मोडत नाहीत ना? न ठरलेले लादत नाहीत ना? वृद्धांचा मान राखतात काय? स्त्रियांना आणि मुलींना बळाने ओढून नेत नाहीत ना? आपली चैत्ये सांभाळतात काय? अर्हंतांचे रक्षण करतात काय? आनंदाने प्रत्येक वेळी होकार दिला आणि तथागत म्हणाले की हे सात नियम पाळले जातील तोवर वज्जींची वाढच होईल, हानी होणार नाही.

वृद्धांचा मान, नियमांचे पालन, परंपरेच्या स्थानांचे जतन या गोष्टी तथागतांनीच सांगितल्या आहेत. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे. एक भाग उपभोगाला, दोन धंद्याला आणि चौथा अडीअडचणीसाठी शिल्लक. काटकसर, उद्योग, व्यसनमुक्ती, चांगल्या माणसांची संगत हे गृहस्थाचे गुण तेथे आहेत. कोणी याला जुने वळण म्हणेल. म्हणो बापडा. या वळणावर चालूनच आपली एक पिढी उकिरड्यावरून उठली आणि शाळेच्या बाकावर बसली.

आता दुसरी बाजू. त्याच तथागतांनी केसपुत्त गावच्या कालामांना सांगितले की परंपरेने चालत आले आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरूने सांगितले म्हणून काही मानू नका. लोभ, द्वेष आणि मोह वाढवणारे काय आणि त्यांना घटवणारे काय, हे स्वतः पारखा. मग तथागत वैशालीत एक आणि केसपुत्तात दुसरेच बोलले काय? तसे नाही. जतन कशाचे करायचे, हा प्रश्न आहे. शीलाचे जतन करायचे की शिडीचे? एकमेकांशी नीट वागण्याचे जे नियम माणसांनी एकत्र बसून ठरवले, ते शीलाच्या बाजूचे. वरच्याने वर आणि खालच्याने खाली राहावे म्हणून जो नियम झाला, तो शिडीच्या बाजूचा. वज्जींच्या सात नियमांत दुबळ्या स्त्रियांना बळजोरीपासून वाचवणारा नियम आहे. अमक्या कुळाने तमक्या कुळाची सेवा करावी, असा नियम त्यात कोठे आहे? आपल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू सोडण्याची प्रतिज्ञा आहे. पण तिच्या कितीतरी आधी, नवव्या आणि दहाव्या जागी, सर्व माणसांना समान मानण्याची आणि समता आणण्यासाठी झटण्याची प्रतिज्ञा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लोकांनी त्या सगळ्या प्रतिज्ञा घेतल्या. सोयीच्या तेवढ्या निवडून घेतल्या नाहीत.

बाबासाहेबांचे एकच भाषण या दोन्ही बाजू दाखवते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत ते बोलले. सनदशीर मार्ग खुले झाल्यावर रक्तरंजित क्रांतीचा मार्ग सोडला पाहिजे, कायदेभंग आणि सत्याग्रहसुद्धा बाजूला ठेवले पाहिजेत, तो अराजकाचा रस्ता आहे, असे त्यांनी बजावले. आमचे ज्येष्ठ उपासक भाषणाचा हा भाग नेहमी सांगतात आणि बरोबर सांगतात. पण त्याच भाषणात पुढे बाबासाहेब म्हणाले की २६ जानेवारी १९५० पासून आपण विसंगतीच्या जीवनात पाऊल टाकणार आहोत. राजकारणात समता असेल आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता राहील. ही विसंगती लवकर दूर केली नाही, तर विषमतेने होरपळलेले लोक लोकशाहीची इमारतच उडवून देतील. आमचे तरुण हा भाग नेहमी सांगतात आणि तेही बरोबर सांगतात. बंधूंनो, एका भाषणाचे दोन तुकडे करून एक तुकडा वृद्धांनी घेतला, एक तरुणांनी घेतला. पुरे भाषण कोणाच्या वाट्याला आले?

ज्येष्ठ उपासक म्हणतात, कायदा कडक हवा. दीघ निकायातील कूटदंत सुत्त पाहा. राजा महाविजिताला मोठा यज्ञ करायचा होता. राज्यात चोऱ्या-दरोडे माजले होते. पुरोहिताने सांगितले की दरोडेखोरांना ठार मारून किंवा बंदीत टाकून हा उपद्रव थांबणार नाही. जे वाचतील ते पुन्हा उठतील. शेती करणाऱ्यांना बी-बियाणे आणि चारा द्या, व्यापार करणाऱ्यांना भांडवल द्या, राजाच्या चाकरीत असणाऱ्यांना पोटापुरते वेतन द्या. राजाने तसे केले. लोक आपापल्या कामाला लागले, मुलांना कडेवर नाचवू लागले आणि दारे उघडी टाकून झोपू लागले. ही कथा ऐकून कोणी म्हणेल, म्हणजे फुकटच दिले की! नाही. बियाणे दिले, ते पेरायचे कष्ट शेतकऱ्याचेच होते. भांडवल दिले, ते फिरवायची अक्कल व्यापाऱ्याचीच होती. कष्टाला साधन देणे म्हणजे माणसाला ऐतखाऊ करणे नव्हे. सुव्यवस्था तथागतांनाही हवी होती. ती दंडुक्याने येत नाही, पोटातून येते, एवढाच फरक.

येथपर्यंत मतभेद असला तरी तो उपासकाउपासकांतील मतभेद आहे. एकाला सुधारणा सावकाश हवी, दुसऱ्याला आज संध्याकाळपर्यंत हवी. एक शिस्तीवर भर देईल, दुसरा हक्कावर. या कारणाने कोणाला वंदनेतून मागे बसवायचे, तर आपण नवे सोवळेच काढले असे होईल. पण एक वाक्य असे आहे की जेथे मतभेद संपतो आणि धम्मच मोडतो. त्या दिवशी वादाचे खरे कारण तेच वाक्य होते. कालव्यापलीकडच्या पालांवरील माणसांविषयी बोलणे निघाले असता आमचे उपासक म्हणाले, “ज्याचं त्याचं कर्म.”

या तीन शब्दांवर हजारो वर्षे आपले पूर्वज गावाबाहेर राहिले. ते शब्द आपल्याच विहारात, आपल्याच माणसाच्या तोंडून दुसऱ्यांसाठी निघावेत, याहून मोठी शोकांतिका कोणती? अंगुत्तर निकायात तथागतांनी तीन मते सांगितली आहेत, जी माणसाला अक्रियेकडे नेतात. माणसाचे सारे सुखदुःख पूर्वकर्मामुळे असते, हे पहिले मत. ते ईश्वराने निर्माण केले, हे दुसरे. ते विनाकारण घडते, हे तिसरे. तथागत विचारतात की सारे पूर्वकर्मानेच ठरत असेल, तर खुनी माणूसही पूर्वकर्मामुळेच खुनी झाला म्हणायचा. मग हे करावे आणि हे करू नये, या बोलण्याला अर्थ काय उरला? प्रयत्नाला जागा कोठे उरली? ‘ज्याचं त्याचं कर्म’ हे मत बुद्धाने नाकारलेल्या तीन मतांपैकी पहिले आहे.

माहितगार माणूस लगेच आडवा प्रश्न टाकील. चूळकम्मविभंग सुत्तात शुभ माणवाला सांगताना, दान न देणारा पुढे दरिद्री होतो, असे म्हटले आहेच की! म्हटले आहे, मी ते लपवणार नाही. पण ते सुत्त कोणाला उद्देशून आहे? ज्याच्या हातात द्यायला काही आहे, त्याला. तू दे, एवढा त्याचा उपदेश. ज्याच्या हातात काहीच नाही, त्याच्याकडे बोट दाखवून ‘याने दिले नसेल’ असा निकाल लावायला ते सांगितलेले नाही. श्रीमंताला दानाकडे वळवण्यासाठी दिलेले औषध आपण गरिबाच्या जखमेवर मिठासारखे चोळतो. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच कर्म आणि पुनर्जन्माचा प्रश्न उभा केला आहे. आपल्या लोकांना या दगडावर ठेच लागणार, हे त्यांना ठाऊक होते.

हा धोका आपल्या एका विहारापुरता नाही. ज्या देशांत धम्म शतकानुशतके राजाश्रयाने नांदला, तेथेही तो उभा राहिला. १९७५ साली व्हिएतनाम, कंबोडिया आणि लाओस या देशांत कम्युनिस्टांची सत्ता आली. शेजारच्या थायलंडमध्ये राजघराणे, लष्कर आणि सधन वर्ग भयभीत झाले. तेथे १९७६ साली कित्तिवुड्ढो नावाच्या प्रसिद्ध भिक्खूने जाहीरपणे सांगितले की कम्युनिस्टांना मारण्यात पाप नाही. दाखला काय दिला? भिक्खूच्या भिक्षापात्रासाठी मासा मारावा, तसेच हे. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला बँकॉकच्या थम्मसात विद्यापीठात पोलीस आणि जमाव यांनी विद्यार्थ्यांची कत्तल केली आणि संध्याकाळी लष्कराने सत्ता हाती घेतली. ज्या देशात घरोघर बुद्धरूप आहे तेथे हे घडले. पंचशीलातले पहिलेच शील सुव्यवस्थेच्या नावाने बाजूला ठेवले गेले.

उलट ब्रह्मदेशात २००७ साली हजारो भिक्खू लष्करी राजवटीविरुद्ध रस्त्यावर आले तेव्हा त्यांनी शस्त्र उचलले नाही. विनयात सांगितल्याप्रमाणे त्यांनी पात्रे पालथी केली. अन्याय करणाऱ्याचे दान घेणार नाही, एवढेच सांगितले. पात्र पालथे घालण्याची रीत अडीच हजार वर्षांची. जुने जपणे म्हणावे ते याला.

तरुणांनी मात्र यावरून फुशारून जाऊ नये. २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूला बाबासाहेबांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली, तेव्हा त्यांचा सारा भर साधनांवर होता. दुःख दूर करण्याचे ध्येय एक असले तरी हिंसेने आणि हुकूमशाहीने आणलेला बदल टिकत नाही. माणसाचे मन बदलले तर तो टिकतो, असे त्यांचे सांगणे होते. मग वृद्ध उपासकाला चारचौघांत अपमानित करून त्यांचे मन बदलले काय? खिरीची वाटी तेवढी भरलेली राहिली.

आता जे सांगायचे ते माझे स्वतःचे आहे. त्या उपासकांवर दगड टाकण्याचा अधिकार मला नाही.

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. आजोबांनी १९५७ साली दीक्षा घेतली. आजीने घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले. वडिलांनी चौथीत शाळा सोडली आणि आयुष्यभर वीटभट्टीवर काम केले. त्यांनी मला शिकवले, मी मास्तर झालो, तालुक्याला दोन खोल्यांचे घर बांधले. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी माझ्या वर्गात एक मुलगा येत असे. आईबाप ऊसतोडीला जाणारे, पालावर राहणारे. मुलगा रोज उशिरा येई आणि कडेवर दोन वर्षांची बहीण आणी. ती रडे, वर्ग हसे. एके दिवशी मी त्याला दारातच थांबवले आणि म्हणालो, “शाळा म्हणजे पाळणाघर नव्हे. शिस्त पाळायची असेल तर ये, नाहीतर येऊ नकोस.” तो गेला. मधल्या सुट्टीत एका सहकाऱ्याने विचारले तेव्हा मी हसून म्हणालो, “या लोकांना शिक्षणाची आवडच नसते हो. त्यांचं ठरलेलं असतं.”

त्या रात्री जेवताना ही गोष्ट मी घरी सांगितली. जरा अभिमानानेच सांगितली, वर्गाला कशी शिस्त लावली म्हणून. वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “मी शाळा का सोडली, तुला ठाऊक आहे काय रे? धाकट्या भावाला घेऊन जायचो. आई मजुरीला जायची, त्याला ठेवणार कोठे? मास्तरांनी बाहेर काढलं. म्हणाले, तुमचं काय ते ठरलेलं आहे.”

भाकरीचा घास हातात तसाच राहिला. तीस वर्षे मी वडिलांना ‘शिकला नाहीत’ असे मनातल्या मनात म्हणत आलो होतो. आणि पन्नास वर्षांपूर्वी त्यांच्या मास्तरांच्या तोंडात जे वाक्य होते, ते त्यांच्याच मुलाच्या तोंडात जसेच्या तसे येऊन बसले होते. मी रोज सकाळी वंदना म्हणतो. त्या दिवशीही म्हटली होती. पंचशीलाचे एकही शील मी मोडले नव्हते. कोणाला मारले नाही, चोरी केली नाही, खोटे बोललो नाही. तरी एक मूल माझ्या दारातून परत गेले होते.

दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून मी पालांवर गेलो. चुली विझलेल्या होत्या. टोळी आदल्या रात्रीच ट्रॅक्टरने कारखान्याकडे निघून गेली होती. त्या मुलाची आजी गावातच राहते, हे मला तेव्हा कळले. हंगामी वसतिगृहाच्या यादीत त्याचे नाव वेळेत घातले असते, तर आजीकडे राहून तो शाळेत आला असता आणि त्याला जेवणही मिळाले असते. ती यादी करणे माझेच काम होते. मुलगा अजून परत आलेला नाही. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे मी रोज गैरहजेरी मांडली. ती गैरहजेरी त्याची होती की माझी, हे मला आजही ठरवता येत नाही.

बंधूंनो, बाबासाहेबांनी १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला शिकलेल्या लोकांविषयी जी व्यथा बोलून दाखवली, ती ऐकताना आपण नेहमी दुसऱ्याकडे पाहतो. मला त्या रात्री दुसऱ्याकडे पाहता आले नाही. पोटाला मिळाले, डोक्यावर छप्पर आले की समाजाची घडी आपल्याला बरी वाटू लागते. हे वाटणे कोणत्या एका पक्षाचे नसते. स्वतःला पुरोगामी म्हणवणारा मी त्यात सापडलो. म्हणून विपश्यनेला बसणाऱ्याने, वंदना म्हणणाऱ्याने आपल्या मतांकडेही तसेच पाहिले पाहिजे जसे तो श्वासाकडे पाहतो. हे मत करुणेतून उठले, की माझे आहे ते राहावे या तृष्णेतून?

तेव्हा प्रश्नाचे उत्तर असे. शिस्त, काटकसर, वडीलधाऱ्यांचा मान, सनदशीर मार्ग यांचा आग्रह धरणारा उपासक बौद्धच आहे आणि त्याने वंदनेला पुढे बसावे. पण माणसाचे स्थान जन्माने किंवा पूर्वकर्माने ठरलेले आहे असे म्हणणारे वाक्य विहारात निघाले, तर त्याला तेथल्या तेथे, आदराने, हात जोडून उत्तर दिले पाहिजे. वाक्याला उत्तर द्यायचे, माणसाला बाहेर काढायचे नाही. उंबऱ्यावरून परत पाठवलेल्या माणसाचे काय होते, ते आपल्या तीन पिढ्यांनी सोसले आहे.

आणि नुसत्या उत्तराने भागणार नाही. यंदा टोळ्या निघण्याआधी पालांवरची मुले मोजायची, त्यांच्या आजी-आजोबांना भेटायचे आणि यादीत नावे घालायची. संध्याकाळी विहाराची मागची खोली त्या मुलांसाठी उघडी ठेवायची. धाकटी भावंडे बरोबर आली तरी चालतील. या कामाला जबाबदार, शिस्तीचा, वेळ पाळणारा माणूस हवा. असा माणूस आपल्या वस्तीत एकच आहे आणि तो पौर्णिमेपासून घरी बसला आहे.

आज वंदना झाल्यावर मी त्यांच्याकडे जाणार आहे. खोलीची किल्ली त्यांच्या हातात द्यायची आहे. ज्या तरुणाने तो प्रश्न विचारला, त्याने माझ्याबरोबर यावे, अशी त्याला विनंती आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.